वाचकांचे प्रश्न : नदीतले मासे कोणत्या मापाने मोजायचे?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की उल्हास नदीच्या पाण्याची तपासणी ठरलेल्या रीतीने होते, तशी तिच्यातल्या माशांची पाहणीही ठरलेल्या रीतीने व्हायला हवी. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांच्या बऱ्याच शंका त्यातच सुटतात.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वर्गाचे दोन गट एकाच आठवड्यात बदलापूरजवळ उल्हास नदीतल्या माशांची यादी करायला गेले. दुसऱ्या गटाच्या यादीत आमच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जाती आहेत. सर म्हणतात, मोठी यादी जोडा. मला ते पटत नाही. बरोबर यादी कोणती? (एक विद्यार्थिनी, कल्याण)

उत्तर : तुला पटलं नाही हे चांगलं झालं. पत्रासोबतचे दोन्ही तक्ते मी नीट पाहिले. तुमच्या गटाने दुपारी पुलाखालच्या डोहात पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकला. दुसऱ्या गटाने पहाटे जाळी काढणाऱ्यांकडचे मासे पाहिले आणि उरलेली भर बाजारातल्या पाट्यांमधून घातली. आता बाजारातला रोहू, कटला बदलापूरच्या नदीतलाच आहे हे कोण सांगणार? तो उजनीहून बर्फात घालून आलेला असू शकतो. म्हणून बाजारातल्या नोंदी आधी बाहेर काढा. त्या फेकू नका, पण वेगळ्या पानावर ठेवा.

एवढं करूनही दोन याद्यांची तुलना होणार नाही. दोन्हींत मासे लिहिलेत. ते मिळवायला काय केलं ते लिहिलेलं नाही. पाग किती वेळा टाकला, किती घेराचा, जाळी किती तास पाण्यात होती, कुठे, किती खोलीवर, यातलं काहीच नाही. ही माहिती म्हणजे यादीची तळटीप नव्हे, तो यादीचा अर्धा भाग आहे.

पाण्याचंच घे. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात ते, तपासताना आपल्याकडे नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवतात. युरोप-अमेरिकेत २० अंशांना ५ दिवस. आपली हवा उष्ण, म्हणून आपण आपली रीत बसवली आणि ती भारतीय मानकात लिहून ठेवली. म्हणूनच कल्याणजवळच्या मोहन्याचा आकडा बदलापूरच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. माशांच्या बाबतीत मला नेमकं हेच हवं आहे. बाहेरची रीत जशीच्या तशी उचलायची नाही, पण आपली एक बसवायची आणि मग ती कुणाच्या सोयीसाठी मोडायची नाही.

जाळं माशांची निवड कशी करतं ते एकदा डोळ्यांनी पाहा. भातसा नदीवर, शहापूरच्या खालच्या अंगाला, आम्ही मिश्र आसांची (आस म्हणजे जाळ्याचं भोक) गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखी उभी राहणारी जाळी, संध्याकाळी लावून उजाडताना काढत असू. एकच दोरी, एकच डोह, शेजारीशेजारी वेगवेगळ्या आसांचे तुकडे. बारीक आसाच्या तुकड्यात बोटाएवढे मासे इतके गच्च की सोडवता सोडवता बोटांची टोकं हुळहुळायची. त्याला लागून असलेला मोठ्या आसाचा तुकडा मात्र कोरा. मधल्या तुकड्यात एखादी वाम स्वतःभोवती जाळं पिळून बसलेली असायची. ती सोडवायला एक माणूस अडकायचा आणि तोवर हात, चाकू, मोजपट्टी सगळं बुळबुळीत. शिंगटीची तर वेगळीच तऱ्हा. तिच्या अंगाला बेताचा आस असो वा नसो, पाठीवरचा आणि कल्ल्यामागचे काटे जिथे लागतील तिथे ती अडकणार. त्या रात्री आम्ही नुसता मोठा आस लावला असता तर ‘या डोहात काही नाही’ असं लिहून परतलो असतो. नुसता बारीक लावला असता तर नदीत मोठा मासा उरलाच नाही, असं वाटलं असतं.

युरोपात तळ्यांसाठी २००५ साली जे मानक ठरलं त्यात या अडचणीचा विचार आहे. एकाच जाळ्यात ५ मिलिमीटरपासून ५५ मिलिमीटरपर्यंत १२ मापांचे आस, लांबी ३० मीटर, उंची दीड मीटर. कुणीही, कुठल्याही देशात लावा, जाळं तेच. वाहत्या नदीत मात्र ते तसंच चालत नाही. धारेला लागलं की पानं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून आडवं पडतं. आपल्याकडे ते डोहात किंवा बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यातच लावावं, आणि खळाळासाठी पाग ठेवावा. दोन्हींचे आकडे कधीही एकत्र मिळवू नयेत.

आसाचं मापही सांभाळून घे. त्या मानकातलं माप एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंतचं आहे. आपले जाळेवाले आस ताणून, समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर धरतात. ते जवळजवळ दुप्पट भरतं. एकाच जाळ्याला कुणी २५ म्हणतो, कुणी ५०, आणि दोघंही खरं बोलत असतात. तक्त्यात कुठलं माप ते लिहिलं नाही तर पुढच्या माणसाने करायचं काय?

जागेबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्या बहुतेक पाहण्या पुलाखाली होतात, कारण गाडी तिथपर्यंत जाते. पुलाखाली खांबांच्या बुडाशी डोह पडलेला असतो, निर्माल्य येतं, लोक पीठ-पाव टाकतात, मासे तिथे जमतात. तो नदीचा नमुना नाही. नकाशावर नदीचे डोह, खळाळ आणि बंधाऱ्यामागचं पाणी असे भाग आधी पाडायचे, प्रत्येकातून चिठ्ठ्या टाकून जागा काढायच्या, आणि चिठ्ठीत अडचणीची जागा आली तरी तिथेच जायचं. एका जागी किती लांब फिरायचं याचं उत्तर नदीच्या रुंदीत आहे. ओरेगनमधल्या तराफ्याने फिरता येईल अशा नद्यांवरचं २००२ साली प्रसिद्ध झालेलं काम आहे. तिथे साधारण ९५ टक्के जाती हाती लागायला पात्राच्या रुंदीच्या ८५ पट अंतर पाहावं लागलं. पात्र ६० मीटर रुंद धर, म्हणजे ५ किलोमीटरच्या वर! आपल्या नद्यांना हाच आकडा लागू पडेल असं मी म्हणत नाही, तो आपला आपण काढायचा आहे. पण एका डोहावर दुपार घालवून ‘उल्हास नदीतले मासे’ असा मथळा देता येत नाही, एवढं त्यावरून कळतं.

हंगामही ठरलेला हवा. दिवाळीनंतर पाणी निवळतं, पातळी स्थिरावते, तेव्हापासून होळीपर्यंतचा काळ मी धरीन. मृगाच्या पावसात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला निघालेले, मासे वर चढून भातखाचरांत शिरतात, तेव्हा पात्रातली मोजणी नदीबद्दल काहीच सांगत नाही. कल्याणच्या खाली तर उधाण आहे की भांग (लहान भरतीचे दिवस), भरती आहे की ओहोटी, हेही लिहिल्याशिवाय नोंद वापरता यायची नाही.

राहिला प्रश्न न सापडलेल्या माशांचा. समज, एखादी जात डोहात आहे, पण एका फेरीत ती हाती लागण्याची शक्यता ३० टक्केच आहे. तीन फेऱ्या केल्यास ती एकदा तरी सापडण्याची शक्यता ६६ टक्के होते. म्हणजे तीन वेळा जाऊनही ती निसटण्याची शक्यता तिनात एक. आठ फेऱ्या केल्या तर शक्यता ९४ टक्क्यांवर जाते. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा, त्याच रीतीने जायचं, आणि रिकामी फेरीही भरलेल्या फेरीइतक्याच काळजीने लिहायची.

तेव्हा सरांना दोन्ही याद्या दे, स्वतंत्र. प्रत्येकीवर जागा, वेळ, साधन, आस आणि श्रम लिही. जे लिहून ठेवलेलं नाही त्या रकान्यात ‘नोंद नाही’ असं स्पष्ट लिही. आणि वेळ असेल तर दोन्ही गट एकाच पागाने, एकाच डोहात, ठरलेल्या संख्येने पाग टाकून पाहा. तुमचे आकडे किती जवळ येतात ते मला जरूर कळव.

प्रश्न : परदेशात बोटीतून पाण्यात वीज सोडून मासे मोजतात असं वाचलं. मासे मरतही नाहीत म्हणे. आपल्याकडे हे सरसकट का करत नाहीत? माझा भाचा इन्व्हर्टर वापरून तसं यंत्र करून देतो म्हणतो. (एक निवृत्त अभियंता, बोरिवली)

उत्तर : भाच्याला आजच थांबवा. आपल्याकडे ओढ्यांमध्ये, कोंडींमध्ये (नदीतल्या खोल डोहांत) तारा टाकून मासे मारणारे लोक आहेत. त्यात माणसं दगावतात आणि डोहातलं बारीकसारीक सगळं मरतं. इन्व्हर्टरमधून निघते ती उलटसुलट वाहणारी एसी वीज. तिने माशाच्या स्नायूंना असा झटका बसतो की कणा मोडतो. पाहणीसाठी वापरतात ती एका दिशेची, ठोक्याठोक्याने सोडलेली डीसी वीज. तिच्यात मासा धन टोकाकडे ओढला जातो, गुंगतो, झोळीत घेता येतो आणि थोड्या वेळात सावरतो. त्यासाठी बनवलेलं यंत्र, शिकलेली माणसं, रबरी बूट-हातमोजे आणि आधी काढलेली परवानगी, यातलं एकही नसेल तर हे काम करायचं नाही.

ही रीत चांगली आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. विजेचा प्रभाव बोटीभोवती थोड्याच अंतरात आणि साधारण दोनेक मीटर खोलीपर्यंत असतो. म्हणजे मोठ्या नदीत ती काठाकाठाने चालते. मधल्या खोल धारेतले मासे तिला कळतच नाहीत. पाण्याची वीजवाहकताही बघावी लागते. सह्याद्रीतल्या मऊ पाण्यात ती फार कमी असते, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात इतकी जास्त की वीज माशाला वळसा घालून पाण्यातूनच जाते. म्हणून मोठ्या नद्यांवर काम करणारे काठाला वीज, तळाला ओढजाळं, संथ पाण्याला गिलनेट अशी वाटणी करतात.

युरोपातली डॅन्यूब नदी १० देशांतून वाहते. तिची संयुक्त पाहणी २००१, २००७, २०१३ आणि २०१९ अशी दर सहा वर्षांनी झाली, आणि २००७ पासून तीत मासेही आले. दहा देशांच्या माणसांना बोट, वेळ, अंतर यांवर एकमत करावं लागलं. आपल्याला तर ठाणे, रायगड आणि पालघर या तीनच जिल्ह्यांचं जमवायचं आहे. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर १९५७ पासून अनेक दशकं जहाजांच्या लॉकमध्ये, म्हणजे जहाजं वरखाली नेणाऱ्या बंद कोठ्यांमध्ये, विष घालून मासे मोजत. जागा त्याच, कोठ्या त्याच, त्यामुळे वर्षावर्षांची तुलना सोपी. आज ते कुणी मान्य करणार नाही, आणि तिथेही पुढे बोटीतून वीज सोडण्याची रीत आली. मात्र रीत बदलायचीच असेल तर जुनी आणि नवी काही काळ एकाच जागी जोडीने चालवावी लागते. नाहीतर आकडा बदलला तो नदीमुळे की यंत्रामुळे, हे कधीच कळत नाही.

प्रश्न : आता बाटलीभर पाण्यातल्या डीएनएवरून सगळे मासे ओळखता येतात. मग जाळ्यांची कटकट हवीच कशाला? (एक संशोधक विद्यार्थी, परळ)

उत्तर : तुझ्या प्रयोगशाळेचं काम मला मोलाचं वाटतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली सगळ्या माशांना चालेल असा प्रायमर (माशांचा डीएनए हेरून त्याच्या प्रती वाढवायला लागणारा छोटा तुकडा) दिला तेव्हापासून हे क्षेत्र झपाट्याने पुढे गेलं. २०१९ च्या डॅन्यूब पाहणीतही माशांसाठी पाण्यातला डीएनए तपासला गेला. पण उल्हास नदीचं पाणी घेऊन पाहा: कर्जत, बदलापूर, कल्याण इथल्या घरांचं सांडपाणी त्यात येतं. स्वयंपाकघरात धुतलेला बोंबील, बांगडा, सुरमई तुझ्या यादीत ‘नदीतला मासा’ म्हणून येऊन बसेल. बोंबील आपण वगळू, कारण तो समुद्रातला हे आपल्याला माहीत आहे. पण बाजारातून आणलेला रोहू कसा वगळणार? शिवाय डीएनए नदीच्या वरच्या अंगाकडून वाहत येतो; मासा नेमका कुठे आहे हे त्यातून ठरत नाही. मासा किती लांबीचा, अंड्यावर आहे का, पिल्लं आहेत का, हेही नाही. आणि सह्याद्रीतल्या सगळ्या जातींचे डीएनए नमुने संदर्भसंग्रहात असल्याशिवाय जुळवणार कशाशी? ते नमुने जाळ्यातूनच येतात. पाणी घ्यायची रीतही तितकीच ठरलेली हवी: किती लिटर, कुठल्या खोलीवरून, किती बाटल्या, आणि सोबत निर्जंतुक पाण्याची एक कोरी बाटली.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, आता दादरला असते. कर्नल साइक्सच्या यादीशी आजची यादी ताडून मुळा-मुठेतल्या किती जाती संपल्या ते सांगता येईल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : अर्धंच सांगता येईल. साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. आपला दख्खनी महाशीर, टॉर खुद्री, शास्त्राला कळला तो त्यांच्याकडून, आणि नमुना मुळा-मुठेचाच होता. पुढे १९४२ साली फ्रेझर यांची पुण्याच्या माशांची यादी बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात आली. अशा याद्यांमध्ये जो मासा आहे तो तेव्हा होता, हे पक्कं धरा. जो नाही, तो नव्हताच असं मात्र धरता येत नाही, कारण तो शोधायला किती श्रम घेतले हे कळत नाही. एखाद्या जातीचं सरळ सांगता येतं: चिलापी भारतात आली ती १९५२ साली, त्यामुळे त्या दोन्ही याद्यांत ती असणं शक्यच नव्हतं. बाकी जाती संपल्या म्हणण्याआधी आज त्यांना नीट शोधायला हवं, अनेक फेऱ्या करून, वर सांगितलं तसं.

प्रश्न : माझे वडील कर्जतच्या वरच्या अंगाला नदीवर आयुष्यभर पाग टाकत आले आहेत. कुठल्या कोंडीत कुठला मासा, कधी, हे त्यांना तोंडपाठ आहे. कॉलेजची माणसं येतात, त्यांनाच विचारतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांची माहिती शास्त्रात का धरत नाहीत? (एक वाचक, कर्जत)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण मला सर्वांत जास्त आशा इथेच दिसते. तुमचे वडील रोज जी मेहनत करतात तीच पाहणी आहे. फक्त ती लिहिली जात नाही.

दहावीत शिकणारं कुणी घरात असेल तर त्याच्या हाती एक जाड वही द्या. पहिल्या पानावर पागाची माहिती: जमिनीवर पसरून आरपार किती फूट भरतो, आस ताणून किती. पाग बदलला की नवं पान. मग रोज एक ओळ. तारीख, कोंडीचं नाव, निघायची आणि परतायची वेळ, पाणी गढूळ की नितळ, पाग किती वेळा टाकला, त्यातले किती रिकामे आले. नंतर मासे, वडील ज्या नावाने ओळखतात त्याच नावाने: शिंगटी, मरळ, खरपा, वाम, जे असेल ते. प्रत्येक नावाच्या पहिल्या माशाचा एकदा नीट फोटो काढून ठेवा: माशाची डावी कूस वर दिसेल असा, पंख पसरलेले, शेजारी मोजपट्टी. शास्त्रीय नाव लावायचं काम आमचं. तुम्ही तुमचंच नाव लिहा, ते बदलू नका.

रिकाम्या पागांची नोंद नको वाटेल, मला माहीत आहे. पण दहा पागांत पाच मासे आणि पन्नास पागांत पाच मासे यांत पाचपट फरक आहे, आणि तो फरक त्या रिकाम्या पागांतच दिसतो. भिवपुरीच्या वीजघरातून सोडलेलं पाणी तुमच्या कोंडींपर्यंत येत असेल, तर उन्हाळ्यातही तिथे धार राहते. ज्या दिवशी पाणी कमी सोडलं असं वाटेल त्या दिवशी तेवढं एका शब्दात लिहा.

ज्या कोंडीत देवाचे मासे म्हणून कुणी जाळं टाकत नाही, तिथे शास्त्राच्या नावाखालीही टाकू देऊ नका. महाडजवळचं वाळणकोंड किंवा वाडा तालुक्यातलं तिळसे इथले महाशीर टिकले ते लोकांनी पाळलेल्या या नेमामुळे. तिथे काठावरून, ठरलेल्या जागी उभं राहून, ठरलेली मिनिटं मोजायचे. त्याचीही वही होते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. वहीची मूळ प्रत कुणालाही देऊ नका. फोटो काढून द्या. ज्याला ती माहिती प्रबंधात किंवा लेखात वापरायची असेल त्याच्याकडून आधी लिहून घ्या की वडिलांचं नाव माहिती देणारे म्हणून बारीक अक्षरात तळाला टाकणार नाही, लेखकांमध्ये घालेल. तयार नसेल तर त्याला दुसरी नदी दाखवा. पहिला हंगाम संपला की पानांचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. मी त्यावर तुमच्या वडिलांशी बोलायला कर्जतला येईन, त्यांना सोयीचा असेल त्या दिवशी.